संत्रा बर्फी आणि कोहळ्याचा गर

प्रश्न : नागपूरच्या इतवारीत आमचं मिठाईचं छोटं दुकान आहे. उन्हाळ्यापासून पोळ्यापर्यंत ताजा संत्रा मिळत नाही आणि साठवलेला गर महाग पडतो. कारागीर म्हणतो, कोहळ्याच्या गरात इसेन्स आणि रंग घाला, गिऱ्हाइकाला कळत नाही. डबा तोच, भाव तोच. एमबीए करणारा मुलगा म्हणतो, 'नफा वाढवणं हीच धंद्याची जबाबदारी, असं फ्रीडमननं सांगितलंय. यात कोणाचं नुकसान होतं?' मला पटत नाही, पण उत्तर सुचत नाही. आणि मिठाई डब्यासकट तोलली तर चालतं का?

उत्तर : ताई, मुलानं अर्धंच वाक्य सांगितलं. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्या १९७० च्या लेखात नफा वाढवण्याला अट आहे : खेळाचे नियम पाळून, फसवणूक न करता. नफ्याचा इतका कट्टर वकीलही तुमच्या कारागिराची बाजू घेत नाही.

'कोणाचं नुकसान' हा प्रश्न मात्र उडवून लावण्यासारखा नाही. बेंथम आणि मिल या इंग्रज तत्त्वज्ञांचा उपयुक्ततावाद (ज्यानं सगळ्यांचं मिळून जास्तीत जास्त भलं होतं ते योग्य, हा विचार) हेच विचारतो, पण हिशेब सगळ्यांचा मांडायला लावतो. मग मांडा. गाडी पकडायच्या घाईत भाचीसाठी अर्धा किलो बांधून नेणाऱ्यानं संत्र्याचे पैसे मोजले आणि कोहळा नेला. खरा गर वापरणारा शेजारचा दुकानदार त्याच भावात तुमच्यापुढे टिकणार कसा? आणि तिसरा माणूस काटोल-नरखेडकडचा बागायतदार. मी त्याच भागातला आहे. तोडणीनंतर बारीक, डागी फळांचे ढीग बांधावर पडलेले मी पाहिलेत. व्यापारी ते फळ बाजूला काढतो, कळमन्याच्या बाजारात त्याला भाव येत नाही. पण गर काढायला ते चालतं. तुमच्यासारखी दुकानं गर घेतात म्हणून त्या ढिगाचे चार पैसे होतात. गल्ल्यावर बसून हा माणूस दिसत नाही, आणि मला त्याचंच जास्त लागतं.

जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७८५ साली दुकानदाराचंच उदाहरण घेतलं होतं. लहान पोर आलं तरी तो भाव वाढवत नाही. पण हे जर फक्त धंदा टिकावा म्हणून असेल, तर कांट त्याला नैतिक मोल देत नाही. मला हे जरा कठोर वाटतं. तरी तुमच्या बाबतीत त्याचंच बोट धरावं लागेल, कारण प्रामाणिकपणा शेवटी फायद्याचाच ठरतो, असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्या महिन्यांत गल्ला कमी भरेल. प्रवासी गिऱ्हाईक बहुधा परतही येत नाही. पण आत काय आहे हे कळलं असतं तर त्यानं त्या भावात डबा उचललाच नसता, आणि तुम्ही नेमके त्याच्या न कळण्याचे पैसे घेता.

कोहळ्याच्या बर्फीत वाईट काही नाही. ती उघडपणे विका. काचेवर 'संत्रा स्वादाची कोहळा बर्फी' अशी पाटी लावा, भाव उतरवा. खऱ्या गराची ठेवायची तर महाग ठेवा आणि महाग का ते सांगा. जुन्याच नावानं विकलीत, तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तो दिशाभूल करणारा माल ठरतो, आणि दंड ३ लाखांपर्यंत आहे. मुलाशी बोलताना मात्र कायदा आधी काढू नका, नाहीतर सगळं बोलणं पकडलं जाण्याच्या भीतीवरच अडकेल.

डब्यासकट तोलणं चालत नाही. वैधमापनाच्या, म्हणजे वजनमापांच्या, नियमांप्रमाणे निव्वळ वजन द्यायचं. रिकामा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा, मग बर्फी भरा.