बोटांच्या ठशांत गणित नसतं

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र, मुलाचे पूर्वपरीक्षेतले गणिताचे दोन्ही पेपर आणि क्लासने दिलेला रंगीत रिपोर्ट, सगळं नीट पाहिलं. दहावीनंतर त्याला इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करायचाय, पण बीजगणितात ४० पैकी १३ पडलेत. वडिलांनी गणिताच्या धसक्यानेच नववीत शाळा सोडली. आजोबा म्हणतात, ‘आपल्या रक्तातच गणित नाही.’ बोटांचे ठसे घेऊन काढलेला रिपोर्टही म्हणतो, याला आर्ट्‌सला घाला. ‘त्याला हट्ट सोडायला लावू का?’ असं तुम्ही विचारलंय.

नका लावू. निदान या दोन कारणांसाठी तरी नाही.

आधी रिपोर्ट. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात सहाव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास तीच असतात, तरी त्यांचे ठसे वेगळे. म्हणजे ठसेसुद्धा नुसत्या जनुकांवर ठरत नाहीत, मग त्यांवरून बीजगणित कसं ठरणार? या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने २०१९ मध्येच सांगितलंय. पैसे गेले ते गेले, त्या कागदावरून मुलाची वाट ठरवू नका.

आजोबांचं म्हणणं मात्र असं झटकून टाकता येत नाही. बुद्धीत, स्वभावात आनुवंशिकतेचा वाटा असतोच. २०१५ मध्ये जुळ्यांवरच्या २,७४८ शोधनिबंधांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, तेव्हा माणसामाणसांतल्या फरकांपैकी सरासरी ४९ टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडता आला. पण इथेच गल्लत होते. हा आकडा समूहातल्या फरकांचा आहे. तुमच्या मुलाचं अर्धं गणित रक्तातून आलं, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय आनुवंशिक म्हणजे न बदलणारं, असंही नाही. उंचीचंच बघा. ती तर याहूनही जास्त आनुवंशिक. तरी दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. जनुकं तीच होती, ताटातलं अन्न बदललं, आजारपणं कमी झाली.

घरातून मुलाला जनुकं मिळतात, तशी धास्तीही मिळते. ‘आपल्याला नाही जमत’ हे तो लहानपणापासून ऐकतोय. आणि तुम्हीच लिहिलंय की कपाटाला प्लायवूड किती लागेल, वाया किती जाईल, हे त्याचे वडील कागद न घेता सांगतात. ताई, ते गणितच आहे हो!

आता पेपर. भूमितीत त्याला ४० पैकी ३१ आहेत. समरूप त्रिकोणांच्या सिद्धतेत एकही पायरी गाळलेली नाही. बीजगणितातल्या चुका मी मोजल्या. एकूण अकरा, त्यातल्या सात एकाच जातीच्या. कंसाबाहेर वजा असला की तो पहिल्या पदाचं चिन्ह बदलतो, दुसऱ्याचं तसंच ठेवतो. कंसात ‘क्ष वजा तीन’ असेल, तर बाहेर येताना दर वेळी ‘वजा क्ष वजा तीन’ होतं. पुढची रीत बरोबर, उत्तर चूक. खालच्या इयत्तेत कच्चं राहिलेलं हे एवढंच आहे, आणि कुणी त्याला ते दाखवलेलं दिसत नाही.

नवा क्लास लावू नका. रोज अर्धा तास, आठवीच्या पुस्तकातून, फक्त कंस सोडवायचे. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी गणित असतंच, तेव्हा ही डागडुजी टाळून चालणार नाही, हे त्यालाही स्पष्ट सांगा. तीन आठवड्यांनी हाच गोंधळ राहिला, तर शिकण्यातली काही अडचण आहे का, ते मानसशास्त्रज्ञाकडून रीतसर तपासून घेऊ.

तोवर आजोबांना माझा नमस्कार सांगा, आणि ते वाक्य त्याच्यासमोर नको, एवढी विनंती करा. येत्या रविवारी त्याला वडिलांबरोबर कामावर पाठवा. वडिलांनी प्लायवूडचा हिशेब तोंडी करायचा, याने तोच वहीत समीकरण मांडून. वहीच्या त्या पानाचा फोटो मला पाठवा.