जानेवारीत आई-बाबांना घेऊन दोन दिवस पुण्यात येतोय. काय दाखवू, काय खाऊ घालू?

नागपूरहून येताय, बाबांचे गुडघे दुखतात आणि दोघंही खाण्याचे शौकीन आहेत, असं तुम्ही लिहिलंय. यादीत शनिवारवाड्यापासून लोणावळ्यापर्यंत दहा नावं आहेत. लोणावळा आजच खोडा. गेल्या हिवाळ्यात माझी मावशी आणि काका साताऱ्याहून आले होते. मी त्यांना एका दिवसात गाडीतून सात ठिकाणं दाखवली. निम्मा दिवस सिग्नलला आणि पार्किंग शोधण्यात गेला. रात्री मावशीला विचारलं, काय आवडलं? म्हणाली, मंडईतले हरभरे. तेव्हापासून कुणीही आलं की मी एकच सांगतो: पहिला दिवस पेठांत, पायी. शनिवारवाडा, कसबा गणपती, लाल महाल, मंडई, तुळशीबाग, विश्रामबागवाडा, सगळं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहे. बाबा दमले तर मधल्या टप्प्याला रिक्षा करा.

सकाळी गरम कपडे घाला, पण दुपारी काढता येतील असे. पहाटे पारा दहाच्या आसपास असतो आणि दुपारी ऊन चांगलं तापतं. सुरुवात एखाद्या जुन्या अमृततुल्यात करा. पितळी पातेल्यात दूध, साखर, चहा एकत्र उकळत असतो, आलं-वेलची तिथेच कुटून पडते आणि चहा फडक्यातून गाळून कपात येतो. थंडीत त्या पातेल्याजवळ उभं राहण्यातच अर्धं सुख आहे.

मग नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ. नागपूरच्या तर्रीवर वाढलेल्या माणसाला हा रस्सा गोडसर वाटेल, हे बाबांना आधीच सांगून ठेवा. सोबत पावाऐवजी स्लाइस येतो. तिखट हवं असेल तर तुळशीबागेतलं श्रीकृष्ण भुवन गाठा.

शनिवारवाड्यात आत राजवाडा असेल असं समजून जाऊ नका. १७३० साली पहिल्या बाजीरावांनी पाया घातला. १८२८ च्या आगीत लाकडी वाडा जळाला. आज आत चौथरे, हजारी कारंजाचा हौद आणि बाग आहे. तरी दिल्ली दरवाजासमोर पाच मिनिटं थांबाच. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ठोकलेले लांब टोकदार खिळे जवळून बघितले की वाड्याचा दरारा कळतो. कसबा गणपती हे पुण्याचं ग्रामदैवत, तिथे आईला निवांत बसू द्या.

दुपारी राजा दिनकर केळकर संग्रहालय. एकच ठिकाण निवडायचं तर मी हेच निवडेन. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून घरगुती वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. वीस हजारांवर वस्तू आहेत, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. दिवे, विळ्या, वाद्यं, कोरीव दरवाजे आणि अडकित्ते. सुपारी कातरायच्या एवढ्याशा वस्तूला कुणीतरी पक्ष्याचा आकार दिलाय, कुणी माणसाचा. आई तिथून लवकर हलणार नाही. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महालही इथेच आहे. जिने आहेत, बाबांना सावकाश चढवा. बाहेर पडाल तेव्हा ऊन असेल, सुजाताची मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेलं घट्ट थंड दूध, घ्यायची वेळ हीच. संध्याकाळी गारव्यात ती नको.

आता मंडई. आठ कोनी मनोऱ्याची ही दगडी इमारत १८८६ सालची. बहुतेक जण बाहेरून फोटो काढून निघून जातात आणि पुण्याचा हिवाळा तिथेच राहतो. मटार, पावटा, लाल गाजरं, बोरं, पेरू, ऊस, हरभऱ्याच्या गड्ड्या. संक्रांत तोंडावर असल्यानं तिळगूळ आणि गुळपोळ्याही दुकानांत आलेल्या असतात. गुळपोळी दिसली तर घ्याच, वर साजूक तूप घालून खा.

दुसऱ्या दिवसासाठी दोन पर्याय. सिंहगड करायचा तर पहाटेच निघा. गाडी वरपर्यंत जाते, पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही वर मिळतं. शनिवार-रविवारी मात्र घाटात गाड्यांची रांग लागते, ते दिवस टाळा.

पण माझं मन विचाराल तर हुरड्याला जा. नगर रस्त्याच्या बाजूला, सासवडकडे शेतांवर हुरडा पार्ट्या चालतात, आधी फोन करून जागा ठेवावी लागते. ज्वारीची दुधाळ, कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरात खुपसतात. भाजलेलं कणीस हातावर चोळतात, फुंकर मारून फोलकटं उडवतात आणि हिरवे, गरम दाणे थेट तुमच्या तळहातावर. सोबत शेंगदाण्याची नाहीतर लसणाची चटणी, गूळ, बोरं. वर ताक. गुळभेंडी या ज्वारीच्या वाणाचा हुरडा मिळाला तर भाग्यच समजा, दाण्यालाच गोडी असते. हे वर्षातले जेमतेम दोनेक महिने, कणीस निबर झालं की संपलं.

पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. रुंद आहेत, पण बाबांच्या गुडघ्यांना नकोत. हौस असेल तर तुम्ही एकटे उजाडताना चढून या, तोवर त्यांना झोपू द्या. आगाखान पॅलेसला कस्तुरबा आणि महादेवभाई देसाईंच्या समाध्या आहेत. तास-दीड तास हाताशी उरला तर जा.

घरी न्यायला चितळ्यांची बाकरवडी, ती टिकते. आणि निघायच्या दिवशी मंडईतून हरभऱ्याच्या दोन गड्ड्या घ्या. नागपूरचा प्रवास लांबचा आहे, आई-बाबांना गाडीत सोलत बसायला बऱ्या.