कलेक्टर कोणाचा माणूस: केंद्राचा की राज्याचा?

पत्र: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मुलगी राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला राज्यसेवा (एमपीएससीची परीक्षा) देऊन तहसीलदार किंवा उपजिल्हाधिकारी व्हायचंय. तिचे मामा म्हणतात, "द्यायचीच तर यूपीएससी दे. केंद्राची नोकरी ती मोठी. राज्यात नुसत्या बदल्या आणि पुढाऱ्यांचे फोन." आमच्या घरात यावरून रोज वाद होतात. कलेक्टर नक्की कोणाचा माणूस असतो, आणि मुलीला काय सांगू? – एक पालक, बीड जिल्हा

गुरुजी, नमस्कार.

मामांना आधी एवढंच विचारा, की कलेक्टरची बदली कोण करतं? दिल्ली नाही, मुंबई करते. कलेक्टर हा सहसा आयएएस अधिकारी. त्याची निवड यूपीएससी करते, नियुक्ती राष्ट्रपतींच्या नावाने होते, त्याला केडर, म्हणजे ज्या राज्यात नोकरी करायची ते राज्य, नेमून दिलं जातं. राज्यात काम करत असेपर्यंत पगार राज्याच्या तिजोरीतून, बदली मुख्यमंत्र्यांच्या मंजुरीने. राज्य सरकार त्याला निलंबितही करू शकतं. फक्त नोकरीतून काढून टाकण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. हा दुहेरी मालकीचा प्रकार मुद्दाम ठेवलेला आहे. घटनेच्या कलम ३१२ मधल्या अखिल भारतीय सेवा त्या ह्याच, आणि संविधान सभेत १९४९ मध्ये सरदार पटेलांनी त्यांची बाजू अगदी हिरिरीने मांडली होती. तेव्हा पुढाऱ्यांचे फोन कलेक्टरलाही येतातच. तहसीलदाराला आमदाराच्या पीएचा येतो, कलेक्टरला थेट पालकमंत्र्यांचा, एवढाच काय तो मोठेपणा!

आता "केंद्राचं काम" म्हणजे काय, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. शिक्षक मंडळी बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून मतदारयादी घेऊन दारोदार फिरतात. ते काम भारत निवडणूक आयोगाचं, आदेशावर सही प्रांतांची (उपविभागीय अधिकाऱ्यांची) किंवा तहसीलदारांची, आणि पगार मात्र जिल्हा परिषदेकडून. जनगणनेचंही तसंच. कायदा केंद्राचा, १९४८ चा. तालुक्यात ती पार पाडायची तहसीलदाराने आणि घरं मोजायची गुरुजींनी. आपल्या संघराज्याची खरी गंमत इथे आहे. टपाल, रेल्वे, आयकर अशी मोजकी खाती सोडली तर जिल्ह्यात केंद्राची स्वतःची माणसं फारशी नसतातच. रेशनचं धान्य २०१३ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा कायद्याने मिळतं, पण दुकानावर लक्ष ठेवतो तो राज्याचा पुरवठा विभाग. घरकुलाचा पैसा केंद्र आणि राज्य ६०:४० असा वाटून घालतात, लाभार्थ्याची फाइल मात्र गटविकास अधिकाऱ्याच्या टेबलावरून जाते. दिल्लीने ठरवलेलं गावात उतरतं ते राज्याच्या नोकरांच्या हातून.

मुलीला तहसीलदारच व्हायचंय, याचं मला कौतुक वाटलं. बहुतेक मुलं "क्लास वन" म्हणतात आणि थांबतात, पुढे पदाचं काम काय हे विचारलं की गप्प. जमीन आणि जमीन महसूल हे दोन्ही विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत, म्हणजे राज्यांकडे दिलेल्या विषयांच्या यादीत आहेत. त्यामुळे सातबारा, फेरफार, वारसनोंद, बांध, गायरान हा सगळा कारभार राज्याच्या कायद्याने चालतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तलाठी (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) फेरफाराची नोंद घेतो, मंडळ अधिकारी ती मंजूर करतो. वाद झाला की प्रकरण वर चढत जातं: तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, आणि कधी कधी पार महसूल मंत्र्यांपर्यंत. शेताला जाणारा रस्ता भावकीने अडवला, तर तो मोकळा करण्याचा आदेश तहसीलदार आजही १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली देतो. असा आदेश झाला की दुसऱ्या दिवशी बैलगाडी शेतात जाते. हे समाधान मंत्रालयातल्या उपसचिवाला मिळत नाही; त्याच्या टिप्पणीवर आणखी चार सह्या व्हायच्या असतात.

जिल्ह्यात सरकारच्या दोन ओळी समांतर चालतात. एक महसुलाची, वर सांगितलेली. दुसरी जिल्हा परिषदेची, तिचा मुख्य कार्यकारी अधिकारी बहुधा आयएएस असतो आणि तालुक्यात गटविकास अधिकारी. ही तुम्हाला रोजची, म्हणून लांबवत नाही. पण मुलीला हे नक्की सांगा, की राज्यसेवेतून दोन्हीकडे जाता येतं आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. महसुलात अर्धन्यायिक काम आणि कायदा-सुव्यवस्था जास्त, विकासाच्या ओळीत योजना आणि लोकप्रतिनिधींच्या सभा जास्त.

मामांचं एक म्हणणं मात्र खरं आहे. यूपीएससीचा आवाका मोठा. पण त्यातून येणारा प्रत्येक जण कलेक्टर होत नाही. आयकर, सीमाशुल्क, रेल्वे, लेखापरीक्षण अशा केंद्रीय सेवांत जाणारेही पुष्कळ. ते खरे केंद्राचे नोकर, नेमणूक गुवाहाटीला होईल नाही तर चेन्नईला. आयएएस मिळूनही केडर महाराष्ट्राचंच मिळेल याची हमी नाही. तमिळनाडू मिळालं तर तमिळ शिकून परीक्षा द्यावी लागते. मुलीला मराठी मुलखातच काम करायचं असेल, तर हा विचार आजच करायला हवा. उलट, राज्यसेवेतून गेलेल्यांना वरचं दार बंद नाही. राज्याच्या आयएएस केडरमधल्या वरिष्ठ पदांचा सुमारे एक तृतीयांश वाटा राज्यातल्या अधिकाऱ्यांतून भरला जातो. उपजिल्हाधिकारी म्हणून किमान ८ वर्षांची सेवा लागते. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त काळ जातो आणि तहसीलदाराला आधी उपजिल्हाधिकारी व्हावं लागतं, म्हणून या भरवशावर कुणी राज्यसेवा निवडू नये.

बदल्यांबद्दल: २००५ च्या बदली कायद्यानुसार एका जागी साधारण ३ वर्षांचा कार्यकाळ धरलेला आहे. अपवादाची कलमंही त्यातच आहेत आणि ती भरपूर वापरली जातात. हे गृहीत धरूनच या वाटेला यावं.

परीक्षेचा वाद तर आता जवळपास मिटलाच आहे. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. लेखी १७५० गुण आणि मुलाखत २७५, म्हणजे यूपीएससीसारखाच साचा. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर, एक वैकल्पिक विषय. फरक आहे तो महाराष्ट्राचा इतिहास, भूगोल आणि प्रशासन यांवरच्या भराचा. तेव्हा एकाच अभ्यासावर दोन्ही परीक्षा देता येतील, घरात दोन पक्ष पाडायची गरज नाही. खुल्या प्रवर्गाला यूपीएससीत वयाची मर्यादा ३२ आणि प्रयत्न ६, राज्यसेवेत वय ३८. या ३८ चा मात्र मला धाक वाटतो. पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये तिशी उलटलेली, परत गावी जायला लाजणारी मुलं मी पाहतो. किती वर्षं द्यायची, हे तिने आणि तुम्ही आत्ताच ठरवून घ्या, आणि तोवर तिचं पदव्युत्तर शिक्षण किंवा बी.एड. चालू राहू द्या.

बी.ए.ची परीक्षा संपली, की तिला एक दिवस तहसील कार्यालयात नेऊन बसवा. कलेक्टरच्या सत्काराचे फ्लेक्स तिने खूप पाहिले असतील. सेतू केंद्रापुढची रांग, अर्जांचे गठ्ठे आणि जमिनीच्या दाव्याची सुनावणी पाहिलेली नसेल. जमल्यास एका ग्रामसभेलाही बसू दे. घरचाच सातबारा आणि आठ-अ तिच्याकडून वाचून घ्या. राज्यशास्त्र हाच वैकल्पिक विषय ठेवावा का, हे तिने स्वतः गुणपत्रिकेसह लिहून कळवावं, मग त्यावर बोलू.