पाहुण्यांसमोर हाताने जेवावं का?

प्रश्न : मुलाचे जपानी साहेब दिवाळीनंतर आमच्याकडे जेवायला येणार आहेत. हाताने जेवायचं, माशाचे काटे काढायचे, त्यांच्यासमोर संकोच वाटतो. काटे-चमचे आणू का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : वहिनी, त्यांच्यापुरता एक चमचा ठेवा, बाकी पान नेहमीसारखंच वाढा. मी 22 वर्षं जहाजावर स्टुअर्ड होतो. जपानी इंजिनियर नूडल्सचा असा भुरका मारायचे की मला आमच्या रत्नागिरीच्या घरातली पंगत आठवायची. त्यांच्यात नूडल्स आवाज करून खाल्लेलं चालतं, सूपची वाटी उचलून तोंडाला लावतात. म्हणजे सोलकढीला अडचणच नाही! काट्यांचं म्हणाल, तर तीही मासेखाऊ माणसं. काटे पानाच्या कडेला नीट गोळा करा, झालं.

एक मात्र सांभाळा. आमच्या एका पोराने भातात चॉपस्टिक उभ्या खोचल्या. म्हाताऱ्या चीफ इंजिनियरने काही न बोलता त्या उपसून आडव्या ठेवल्या. तिकडे मृतासाठी ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात. आपल्या पिंडासारखंच ते. तेव्हापासून मी भाताच्या मुदीत चमचासुद्धा उभा ठेवत नाही.

आणि आग्रह आवरा हो. वाढलेला भात टाकणं त्यांना बरं वाटत नाही, बिचारे पोट फुटेस्तोवर खातील. आधी थोडंच वाढा, मग विचारा. सुरमईची तुकडी मात्र मोठी घाला.