मोहदरी घाटात उतरलेली चेन

प्रश्न : सर, नमस्कार. मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आयटीआय करून दीड महिन्यापूर्वी नाशिकला चारचाकीच्या एका वर्कशॉपमध्ये ॲप्रेंटिस म्हणून लागलो. घर सिन्नर तालुक्यात, ठाणगाव रस्त्याला. जाऊन-येऊन रोज ९० किलोमीटर होतात, तेही वडिलांच्या शंभर सीसीच्या जुन्या गाडीवर. स्टायपेंड ८,०५० रुपये, त्यातले निम्म्याहून जास्त पेट्रोलला जातात. काम म्हणाल तर सुटे भाग धुणं, फरशी पुसणं आणि वस्तादांना पाने देणं. मागच्या आठवड्यात पावसात मोहदरी घाटात चेन उतरली, पोचायला तास उशीर झाला. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘स्वतःची गाडी सांभाळता येत नाही, लोकांच्या काय दुरुस्त करणार?’ तेव्हापासून जावंसंच वाटत नाही. हे सोडून गावात टू-व्हीलरचं गॅरेज टाकू का?
— एक शिकाऊ, ता. सिन्नर

उत्तर : नाही, आत्ता सोडू नकोस. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक म्हणून माझी सत्तावीस वर्षं गेली. ॲप्रेंटिसशिपच्या दुसऱ्या महिन्यात माझ्याकडे परत येणारी मुलं दरवर्षी असायची आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं तुझंच असायचं. चारचौघांत बोलणं चूकच होतं. ते बाजूला घेऊनही सांगता आलं असतं. पण त्यातला चेनचा भाग खरा आहे, म्हणून आधी तुझ्या गाडीचंच बघू.

चालती चेन एकदम उतरत नाही. आधी आठ-पंधरा दिवस ती वाजते, चेनकव्हरला घासते. रविवारी गाडी मधल्या स्टँडवर लाव, न्यूट्रल कर आणि खालच्या बाजूची चेन मधोमध धरून वर-खाली हलवून बघ. अशा गाडीला साधारण २० ते ३० मिलिमीटर ढील असावी. एकाच जागी मापून उठू नकोस. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी माप आणि जिथे ती सगळ्यात ताठ लागेल तिथली ढील धर. मग ॲक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारख्याच खुणेवर आण. नट आवळल्यावर स्प्लिट पिन नवी टाक, जुनी वाकवून परत घालू नकोस. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यांवर फिरते त्या चक्रांचे, दात वाघनखासारखे एका बाजूला वाकलेले दिसले तर नुसती चेन बदलून भागणार नाही, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा पूर्ण सेट घ्यावा लागेल.

मुलं हमखास विसरतात ते पुढचं. चेन ताणताना चाक मागे सरकतं, त्याबरोबर मागच्या ब्रेकचा रॉड ताणला जातो आणि ब्रेक लागून राहतो. चाक हाताने फिरवून मोकळं फिरतंय का बघ, नाहीतर रॉडचा नट सोड. दहा किलोमीटर जाऊन आल्यावर ड्रम चटका बसेल इतका तापला असेल, तर ब्रेक धरतोय आणि तुझं पेट्रोल तिथे जळतंय.

आणि इंजिन चालू ठेवून चेन पुसायची नाही, कधीच नाही. घाईत असं करताना माझ्या एका विद्यार्थ्याच्या बोटाचं टोक गेलं. चाक हाताने फिरव, रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पूस आणि वर नव्वद नंबरचं गिअर ऑइल लाव.

आता पैशाचं. महिन्याचे २६ दिवस धरले तर २,३४० किलोमीटर होतात. गाडी लिटरला ५५ देत असेल तर साडेबेचाळीस लिटर लागतात, ४५ वर आली असेल तर ५२. साडेनऊ लिटरचा हा फरक म्हणजे जवळजवळ हजार रुपये. टायरमध्ये हवा कमी, एअर फिल्टर माखलेला, ब्रेक धरलेला, चेन कोरडी, असल्याच गोष्टींत तो जातो. पावसाळ्याचे दोन महिने सिन्नरपर्यंतच गाडी ने आणि पुढे एसटीने जा. मासिक पासाला २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास करता येतो. अंधारात, पावसात, दिवसभर उभं राहून थकलेल्या पोराने घाट चढून घरी यावं, आणि पुढे टेललाईट नसलेली कांद्याची ट्रॉली असावी, याची मला खरंच भीती वाटते.

सुटे भाग धुण्याबद्दल तू जे लिहिलंस त्यावर माझं मत वेगळं आहे. धुण्याआधी बघतोस का? ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं सील, गेलंय का, हे वस्ताद कसं ठरवतात ते विचार. ब्रेक पॅड एका बाजूचा जास्त झिजलेला असेल तर कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, पिन अडकलेली असू शकते. क्लच प्लेट जळल्याचा वास एकदा नाकात बसला की आयुष्यभर ओळखू येतो. खिशात एक छोटी वही ठेव. गाडी कोणती, गिऱ्हाइकाची तक्रार काय, उघडल्यावर निघालं काय, अशा तीनच ओळी लिही. तीन महिन्यांत दीडशे-दोनशे गाड्यांची तुझी स्वतःची वही होईल.

मी शिकाऊ होतो तेव्हा ऑइल बदलताना ड्रेन प्लग सगळी ताकद लावून आवळला आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे घालवले. वस्ताद ओरडले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी मला थांबवून घेतलं, पाना मुठीत न धरता तीन बोटांनी धरायला लावला आणि एकच बोल्ट वीस-पंचवीस वेळा लावून-काढून घेतला. आधी हाताने तीन-चार आटे बसवायचे, मगच पाना लावायचा. बोल्ट हाताला अडला तर तिथेच थांबायचं. पुढे प्रत्येक बॅचला पहिल्या आठवड्यात मी हेच करायला लावलं.

पण दीड महिना धुणं-पुसणं वेगळं आणि महिनोन्महिने तेच करणं वेगळं. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे आणि तुझा ॲप्रेंटिसशिपचा करार ही त्या कायद्याखालची नोंद आहे. त्याची प्रत तुझ्याकडे आहे का? नसेल तर मागून घे. चौथ्या महिन्यातही फरशीच पुसत असशील, तर आधी सुपरवायझरना एकट्यात भेटून सांग, ‘सर, मला ब्रेक आणि सर्व्हिसिंगच्या कामावर घ्या.’ नाहीच ऐकलं तर वही आणि करार घेऊन बीटीआरआय केंद्रात, म्हणजे शिकाऊ उमेदवारांचं काम बघणाऱ्या सरकारी केंद्रात, जा. तिथे जाणं म्हणजे चुगली नव्हे, तुझा हक्क आहे. वर्ष पुरं करून परीक्षा दिलीस की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. अर्ध्यात सोडलंस तर तेही हातचं जाईल.

गावातलं गॅरेज मला आवडतं, ते तू पुढे जरूर टाक. पण १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम आले आणि टू-व्हीलरमध्येही कार्ब्युरेटर जाऊन सेन्सरवर चालणारं फ्युएल इंजेक्शन आलं. नुसत्या स्क्रूवर ट्यूनिंग करून आता चालत नाही. वर्कशॉपमध्ये गाडीला स्कॅनर लावतात तेव्हा मागे उभा राहा, बिघाडाचा कोड काय आला ते वहीत टिपून घे. पहिल्या बचतीतून एक साधा मल्टिमीटर घे. सेन्सरची वायर तुटलीय की सेन्सरच गेलाय, हे जो मीटर लावून सांगेल त्याच्याकडे आसपासच्या गावांतून गाड्या येतील.

या रविवारी वडिलांना सोबत घेऊन चेनचं काम कर. ती गाडी त्यांनी इतकी वर्षं चालवलीय, तिच्या खोडी त्यांना माहीत असणार. सगळ्यात ताठ जागी किती मिलिमीटर भरले आणि स्प्रॉकेटचे दात कसे दिसले, ते मला लिहून कळव.