छेद लहान, मग नळी का?

प्रश्न : वडिलांच्या उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग दुर्बिणीने काढला. छेद इवलेसे, पण बरगड्यांमधून करंगळीएवढी नळी काढून बाटलीतल्या पाण्यात सोडली आहे. आज पाचवा दिवस. ते खोकले की बुडबुडे येतात. शेजारच्या रुग्णाची नळी दुसऱ्याच दिवशी निघाली. काही बिघडलंय का? दुखतं म्हणून ते कुशीवरही वळत नाहीत.

उत्तर : छेद लहान झाला तरी आतलं काम तेवढंच असतं. फुप्फुसाच्या कापलेल्या कडेतून, स्टेपलरच्या पिना बसल्या तरी, काही दिवस हवा झिरपू शकते. तिला वाट दिली नाही तर ती छातीत साठून उरलेल्या फुप्फुसालाच दाबते. नळीचं टोक पाण्याखाली असल्याने हवा बाहेर पडते, परत आत शिरत नाही. जर्मन डॉक्टर ब्यूलाऊ यांनी १८७५ मध्ये वापरलेली ही युक्ती अजून टिकून आहे.

आता बुडबुड्यांचं. फक्त खोकल्यावर येतात म्हणजे गळती लहान आहे. अशी बहुतेक वेळा आपोआप बुजते. प्रत्येक श्वासाला येत असते तर मी जास्त लक्ष दिलं असतं. पाच दिवसांपुढे गेली की आम्ही तिला लांबलेली गळती म्हणतो, तीही बरेचदा थांबून राहिल्यानेच मिटते. नळीतलं पाणी श्वासाबरोबर वरखाली होतं, त्याला मात्र घाबरू नका. नळी मोकळी असल्याची ती खूण.

शेजाऱ्याशी तुलना सोडा. त्यांचा कदाचित तपासणीपुरता तुकडाच काढला असेल. नळी निघते ती बुडबुडे थांबल्यावर आणि छातीतून दिवसभरात बाटलीत येणारं पाणी कमी झाल्यावर. पूर्वी १०० मिलिपर्यंत वाट पाहायचे. आता पाणी पातळ असेल, रक्ताळ किंवा दुधाळ नसेल, तर ३०० किंवा त्याहून थोडं जास्त असतानाही बरेच सर्जन नळी काढतात.

दुखणं सोसायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. बरगडीखालून नस जाते, नळी तिला घासते. दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, कफ अडकतो आणि न्यूमोनिया होतो. मला नळीपेक्षा त्याचीच भीती जास्त. गोळी वेळेवर मागून घ्या आणि त्यांना चालवा. बाटली छातीच्या खाली, उभी धरा. चालताना नळीला चिमटा लावू नका, अडकलेली हवा धोक्याची. नळी बाटलीपासून सुटलीच तर टोक स्वच्छ पाण्यात बुडवून नर्सला हाक मारा. अचानक दम लागला किंवा मान फुगून बोटाखाली चरचर जाणवली, तरीही नर्सला हाक मारा.

काढताना श्वास रोखून धरायला सांगतील, नळी ओढतील, टाका आवळतील. काही सेकंदांचं काम. त्याच्या अर्धा तास आधी वेदनाशामक मिळेल का, हे विचारून ठेवा.