दहा गट, पण जॅक एकाच साच्याचे

प्रश्न : नववीच्या कार्यानुभवाच्या तासाला मी सिरिंजचा हायड्रॉलिक जॅक (एका सिरिंजचा दट्ट्या दाबला की नळीतल्या पाण्याच्या जोराने दुसरीचा दट्ट्या वर येऊन वजन उचलतो) करून घेते. नमुना दाखवते, साहित्य देते. शेवटी दहाही गटांचे जॅक हुबेहूब नमुन्यासारखे! मुलांना स्वतःचं काही सुचावं म्हणून काय करू?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : नमुना कपाटात ठेवा. तो समोर असला की मुलं तोच करणार. गुण त्यालाच मिळतात हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्याऐवजी काम द्या : पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली १० सेंमी उचलायची आणि हात काढल्यावरही वर राहिली पाहिजे. गटाला १० मिलीच्या दोन बिनसुईच्या सिरिंज, मत्स्यालयातली ३० सेंमी हवेची नळी, खोक्याचा पुठ्ठा, बांबूच्या काड्या आणि ग्लू गन पुरे.

मेख अशी, की या सिरिंजचा दट्ट्या जेमतेम ५-६ सेंमी सरकतो. बाटली थेट त्याच्यावर ठेवून भागतच नाही. कोणी तरफ लावेल, कोणी कात्रीसारखी घडी करेल. दट्ट्या अडवायला खीळही शोधावी लागेल. पहिली दहा मिनिटं मात्र प्रत्येकाने न बोलता तीन कच्ची चित्रं काढायची. हे टाळू नका, नाहीतर गटातल्या मोठ्या आवाजाच्या मुलाचीच कल्पना उरते.

एक गोष्ट आधीच सांगा : सिरिंज आणि नळी बादलीत बुडवूनच भरा, जोडताना एक दट्ट्या पूर्ण आत आणि दुसरा बाहेर ठेवा. बुडबुडा राहिला तर हवाच दबते, बाटली हलत नाही. बाकीचं बिघडू द्या. पुठ्ठा पन्हळीच्या रेषेत दुमडेल. मग दोन थर उभे-आडवे चिकटवायचं त्यांना सुचेल. काडीचं भोक रुंदावून तरफ डगमगली, तर स्ट्रॉचा तुकडा बसवता येतो. तरफेने अंतर दुप्पट केलं की दट्ट्यावरचा भारही दुप्पट होतो, म्हणून नळी निसटते. हे कोडं त्यांनाच सोडवू द्या.

प्रश्न : बाटली उचललीच नाही तर गुण कसे द्यायचे?

उत्तर : २० पैकी चित्रांना ५, पहिल्या चाचणीच्या नोंदीला ५, त्यानंतरच्या बदलाला ६ आणि उचलण्याला फक्त ४.

प्रश्न : असे विषय आणखी कुठून आणू?

उत्तर : आजूबाजूच्या गरजांतून. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात मुलं गावाच्या उपयोगाची कामं करतच तंत्रज्ञान शिकतात. तुमच्या मुलांना शाळेतलं डगमगणारं बाक, गळकी तोटी, वाऱ्याने आपटणारी खिडकी मोजून आणायला सांगा.